'डिसेप्शन'चा जादूगार आणि 'द मेंटलिस्ट'चा पॅट्रिक जेन: फरक नेमका कुठे आहे

'तपासात पोलिसांना मदत करणारा तो जादूगार' एवढ्याच आठवणीवर मालिका शोधायला गेलात तर हाती दोन नावं लागतात: 'डिसेप्शन' आणि 'द मेंटलिस्ट'. दोन्ही अमेरिकी. दोन्हींत नायक पोलीस नाही, नुसता सल्लागार आहे. सोबतीला नियमावर बोट ठेवणारी महिला अधिकारी, आणि पाठीमागे नायकाचं घर उद्ध्वस्त करणारा अज्ञात शत्रू. सांगाडा इतका सारखा असल्यावर गल्लत व्हायचीच. पण दोघांची विद्या वेगळी आहे, आणि त्यामुळे कथा उलगडण्याची पद्धतही वेगळी.

आधी ओळख. 'डिसेप्शन' एबीसी वाहिनीवर मार्च ते मे २०१८ या काळात १३ भाग चालली आणि बंद पडली. नायक कॅमेरॉन ब्लॅक लास वेगासच्या भव्य खेळांतला जादूगार. त्याला जुळा भाऊ आहे, जोनाथन. रंगमंचावर दोघं मिळून 'एकच माणूस' उभा करतात: एक इथे गायब, दुसरा तिथे हजर. भाऊ खोट्या आरोपात अडकतो, जुळ्याचं गुपित फुटतं, खेळ संपतो आणि कॅमेरॉन एफबीआयच्या दारात येतो. 'द मेंटलिस्ट' सीबीएसवर २००८ ते २०१५, सात सीझन, १५१ भाग. पॅट्रिक जेन हा एकेकाळचा 'मनातलं ओळखणारा' भोंदू. रेड जॉन नावाच्या खुन्याला त्याने टीव्हीवर हिणवलं आणि त्या खुन्याने त्याची बायको-मुलगी मारली. जेन ज्या सीबीआयमध्ये काम करतो ती आपली केंद्रीय यंत्रणा नव्हे. ती मालिकेतली कॅलिफोर्निया राज्याची तपाससंस्था आहे.

कॅमेरॉनचा प्रश्न असतो, हे घडलं कसं? समोर अशक्य दिसणारी घटना असते आणि तो तिच्याकडे जादूचा खेळ म्हणून बघतो: प्रेक्षक कुठे उभा होता, त्याला काय दिसू दिलं नाही, तयारी कधी झाली? जादूत निर्णायक कृती बहुतेक वेळा प्रेक्षकाला खेळ सुरू झालाय असं वाटण्याआधी किंवा संपलाय असं वाटल्यावर होते. पत्त्यांतला 'क्रॉस-कट फोर्स' घ्या, म्हणजे आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याच्या गळी उतरवण्याची युक्ती. हवा तो पत्ता आधीच गड्डीच्या सगळ्यात वर ठेवायचा. समोरच्याला गड्डी काटायला सांगायचं. त्याने उचललेला वरचा भाग टेबलावर, आणि उरलेला खालचा भाग त्यावर आडवा ठेवायचा. मग पत्त्यांवरून नजर काढायची आणि निदान दहा-पंधरा सेकंद दुसरंच काही बोलायचं. शेवटी आडवा भाग उचलून 'तुम्ही इथे काटलंत' म्हणत खालच्या भागाचा पहिला पत्ता द्यायचा. तो मूळचाच वरचा पत्ता असतो. मधली बडबड टाळली की खेळ फसतो, कारण कुठला भाग कुठे गेला हे समोरच्याच्या अजून डोळ्यांपुढे असतं. सगळी किमया त्या दहा-पंधरा सेकंदांत आहे. 'डिसेप्शन'मधले खेळ याच तत्त्वावर, फक्त पत्त्याऐवजी विमान आणि टेबलाऐवजी हँगर. म्हणूनच कॅमेरॉनला माणसं लागतात: मेकअप, यंत्रं, सेट, साथीदार. मालिकेचा सल्लागार आणि सहनिर्माता डेव्हिड क्वाँग स्वतः जादूगार होता, ते जाणवतं. मात्र तेवढी तयारी काही तासांत उभी राहते हे पटवून घ्यावं लागतं.

जेनला काहीच लागत नाही, फक्त समोर माणूस हवा. त्याचं हत्यार म्हणजे कोल्ड रीडिंग: आधी काहीच माहीत नसताना समोरच्याच्या प्रतिक्रियांवरूनच त्याच्याबद्दल 'ओळखणं'. सुरुवात बहुतेकांना लागू पडेल अशा विधानाने. अशी विधानं किती चालतात ते बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवलं: सगळ्या विद्यार्थ्यांना एकच मजकूर 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून दिला आणि त्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. त्यानंतर चेहरा, श्वास, हात बघत विधान अरुंद करत जायचं. चुकलं तर वाट आधीच ठेवलेली असते. 'तुम्हाला मोठा भाऊ नाही ना?' हे वाक्य बघा. उत्तर 'नाही' आलं तर 'वाटलंच मला'. 'आहे' आलं तर 'हो, तो दिसतोच तुमच्या बोलण्यात'. समोरचा निर्विकार बसला तर मात्र हे सगळं कोसळतं, कारण माहिती तोच पुरवत असतो.

याच्या शेजारीच हॉट रीडिंग, म्हणजे माहिती आधी गुपचूप मिळवून मग 'ओळखणं'. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडीने पीटर पोपॉफ या धर्मोपदेशकाला असंच पकडलं. भक्तांची नावं आणि आजार त्याची बायको ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. इथे वाचन शून्य, सगळी पूर्वतयारी. म्हणजे हॉट रीडिंग करणारा जेनपेक्षा कॅमेरॉनच्या जवळचा.

जेनबद्दल एक शंका रास्त आहे. नुसतं बघून-ऐकून खोटं ओळखण्याच्या प्रयोगांचा बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला, तर माणसं सरासरी सुमारे ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवूनही अर्ध्या वेळा बरोबर येतंच. पण नीट बघितलं तर जेन नुसत्या चेहऱ्यावर क्वचितच थांबतो. तो सापळा रचतो: खोटी बातमी, खोटा साक्षीदार, मुद्दाम उघडं ठेवलेलं दार. खुनी स्वतः हलतो आणि पोलिसांसमोर उघडा पडतो. हा सापळा हातचलाखीचाच भाऊ, आणि दोन मालिका सगळ्यात जवळ येतात त्या इथेच. आपल्या कायद्यात यातला अर्धा खेळ वाया गेला असता. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पूर्वी साक्ष अधिनियमाच्या कलम २५ खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली, आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही.

बघताना पटकन ओळखायचं असेल तर शेवटची पाच मिनिटं बघा. 'हे असं केलं' म्हणून खेळाची फोड होत असेल तर 'डिसेप्शन'. सोफ्यावर पहुडणारा, चहा पिणारा माणूस 'तूच ना?' म्हणत असेल तर 'द मेंटलिस्ट'.

दोन्हींतलं एकच बघायचं तर 'द मेंटलिस्ट'. लेखन जास्त घट्ट आहे आणि रेड जॉनचा उलगडा सहाव्या सीझनच्या आठव्या भागात पुरता होतो (नाव इथे देत नाही). त्यानंतर मालिका जवळपास नवीच सुरू होते, ऑस्टिनमध्ये, एफबीआयसोबत. तिथे थांबलात तरी चालेल. 'डिसेप्शन'चा शेवट अर्धवट लटकलेला आहे, हे माहीत असूनच सुरू करावी. 'कसं घडलं' याचीच भूक असेल तर त्यापेक्षा बीबीसीची १९९७ पासूनची 'जोनाथन क्रीक' बघा. तिचा नायक रंगमंचावर येतच नाही, तो दुसऱ्या जादूगारासाठी पडद्याआड युक्त्या तयार करतो आणि बंद खोलीतले खून सोडवतो. आणि शोधताना वर्ष तपासा: २०१३ मध्ये एनबीसीवरही 'डिसेप्शन' नावाचीच ११ भागांची मालिका आली होती, तिच्यात जादूगार औषधालाही नाही.