आयुर्विम्याचे पैसे नक्की कुणाला मिळतात? नॉमिनी, मृत्युपत्र आणि डेथ क्लेमची कागदपत्रं

पॉलिसी काढताना सगळं लक्ष कव्हर किती आणि हप्ता किती यावर असतं, नॉमिनीचं नाव एजंट विचारतो, आपण पटकन सांगतो आणि सही करून मोकळे होतो. मग लग्न होतं, मुलं होतात, होम लोन निघतं, घरातलं कुणी जातं, पण पॉलिसीवरचं नाव तेच राहतं. क्लेमच्या वेळी कंपनी तिच्या रेकॉर्डवरचं नाव बघते, घरात काय ठरलं होतं किंवा त्या माणसाच्या मनात कोण होतं हे कुणी विचारत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांच्या पॉलिसीला बरीच वर्षं झालीत त्यांनी आधी बाँड काढून समोर ठेवा आणि मग वाचा.

नॉमिनी म्हणजे मालक का?

सगळ्यात जास्त घोळ लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीत होतो. पहिली नोकरी लागली, टॅक्स वाचवायला पॉलिसी घेतली, नॉमिनी आई. पूर्वी यात एक सोय होती, सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं होतं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचाच. पण नंतर विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ मध्ये दुरुस्ती झाली, ती २६ डिसेंबर २०१४ पासून लागू आहे, आणि आता आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर ते लाभार्थी नॉमिनी धरले जातात, म्हणजे पैसे त्यांचेच. पॉलिसी जुनी असली तरी पैसे या तारखेनंतर देय झाले असतील तर हाच नियम. त्यामुळे नॉमिनी आई असेल तर कंपनी सगळी रक्कम आईला देते, बायकोच्या हातात काही येत नाही. त्यात २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने म्हटलंय की वारसांनी हक्क सांगितला तर हे कलम वारसा कायद्याच्या वर जात नाही. म्हणजे वाद झालाच तर कोर्टात जायचं आणि वर्षं घालवायची, आणि ज्या घरातला कमावता माणूस नुकताच गेलाय त्या घराला ते परवडत नाही. त्यापेक्षा हयातीत एक फॉर्म भरणं किती सोपं आहे.

भाऊ, बहीण, काका, मित्र नॉमिनी असेल तर तो लाभार्थी नॉमिनी नाही, त्याने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात. आता तो देईल की नाही हा वेगळा प्रश्न. आणि नॉमिनीच नसेल, किंवा नॉमिनी आधीच वारला आणि नवीन नाव टाकलं नाही, तर प्रकरण वारसांकडे जातं. हिंदू पुरुषाच्या बाबतीत आई, बायको आणि मुलं हे पहिल्या वर्गातले वारस, वडील त्यात येत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. वारसांना कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा दाखला, आणायला लागू शकतं, त्यात कोर्ट फी, वकील, पेपरात नोटीस असं सगळं आलं.

घटस्फोट झाला तरी नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही, हेही लक्षात ठेवा.

नाव बदलायचं कसं

पॉलिसीधारकाने स्वतः अर्ज करायचा, कंपनीच्या शाखेत किंवा कंपनीच्या पोर्टलवर. लागतं काय तर नॉमिनेशन बदलाचा फॉर्म, पॉलिसी नंबर, तुमचं ओळखपत्र, नवीन नॉमिनीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, नातं, आणि एकापेक्षा जास्त नावं असतील तर प्रत्येकाचा टक्का. शाखेत मूळ बाँडही मागू शकतात. कंपनी थोडी फी घेऊ शकते. पण नुसता फॉर्म देऊन घरी येऊ नका, बदल नोंदवल्याची लेखी पोच द्यायची जबाबदारी कायद्याने कंपनीवर टाकलीय, ती पोच हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

नाव आधारवर जसं आहे अगदी तसंच लिहा. आपल्याकडे हे फार होतं, लग्नात सासरी नवीन नाव ठेवलं, पॉलिसीत 'सौ. वैशाली' लिहिलं आणि आधार, पॅन, बँक सगळीकडे माहेरचं 'सुरेखा'. क्लेमच्या वेळी या दोन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला, कधी राजपत्राची प्रत मागतात, आणि हे सगळं गोळा करायला त्या बाईला दिवसकार्य उरकल्या उरकल्या पळावं लागतं.

नॉमिनी १८ वर्षांखालचा असेल तर अपॉइंटी म्हणून एक सज्ञान माणूस नेमायचा आणि त्याची संमतीची सही घ्यायची. हा माणूस मुलाच्या वतीने पैसे घेतो, तेव्हा ज्याच्या हातात पैसे निर्धास्त देता येतील असाच निवडा. हा रकाना मोकळा राहिला तर मुलाचे पैसे मिळायला उशीर होतो, कंपनी कोर्टाने नेमलेला पालक मागू शकते.

मृत्युपत्रात लिहिलं म्हणजे झालं, असं नाही

ही चूक शिकलेले लोकही करतात. मृत्युपत्रात लिहितात 'माझ्या सर्व विमा पॉलिसी मुलीला', आणि पॉलिसीत नॉमिनी दुसरंच कुणीतरी. कलम ३९ प्रमाणे मृत्युपत्राने नॉमिनेशन बदलता येतं खरं, पण त्या बदलाची लेखी सूचना कंपनीला पोचली नसेल आणि कंपनीने रेकॉर्डवरच्या नॉमिनीला प्रामाणिकपणे पैसे दिले तर कंपनीची जबाबदारी संपते. मुलीच्या हातात मृत्युपत्र राहतं आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात. म्हणून मृत्युपत्र करताना पॉलिसी नंबर टाकून लिहा आणि त्याच आठवड्यात नॉमिनेशनही जुळवून घ्या.

होम लोनसाठी बँकेने पॉलिसी असाइन करून घेतली असेल, म्हणजे तिच्यावरचा हक्क तारण म्हणून आपल्याकडे घेतला असेल, तर ते वेगळं. एरवी असाइनमेंट झाली की नॉमिनेशन रद्द होतं, पण कर्जासाठी असाइन केली असेल तर ते रद्द होत नाही, बँकेच्या थकबाकीपुरताच नॉमिनीचा हक्क कमी होतो. कर्ज फिटलं की पॉलिसी परत तुमच्या नावावर करून घ्यायची आणि नॉमिनेशन रेकॉर्डवर दिसतंय का ते तपासायचं. कायदा असा असला तरी लेखी घ्या, बँक नुसता नो ड्यूजचा कागद देते आणि असाइनमेंट तशीच राहून जाते.

धंदा करणाऱ्यांनी हे नक्की वाचा: एमडब्ल्यूपी

तुमच्यावर धंद्याचं कर्ज असेल तर विम्याच्या पैशावर देणेकरी, म्हणजे ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागता ते, हक्क सांगू शकतात, लाभार्थी नॉमिनी असला तरी, कलम ३९ मध्येच देणेकऱ्यांचा हक्क राखून ठेवलाय. यावर उपाय म्हणजे विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा १८७४ (मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी ॲक्ट, म्हणून एमडब्ल्यूपी), कलम ६. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावर बायको, मुलं किंवा दोघांसाठी या कायद्याखाली पॉलिसी घेतली तर तो एक ट्रस्ट होतो, ती रक्कम त्याच्या इस्टेटीत धरली जात नाही, देणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाही, अपवाद एकच, देणेकऱ्यांना फसवायच्या हेतूने पॉलिसी घेतल्याचं सिद्ध झालं तर.

प्रक्रिया अवघड नाही. प्रपोजल फॉर्मसोबत एमडब्ल्यूपीचं वेगळं परिशिष्ट भरायचं, लाभार्थींची नावं आणि हिस्से लिहायचे, ट्रस्टी नेमायचा. पण हे पॉलिसी घेतानाच करायचं असतं, चालू पॉलिसी मागाहून यात टाकता येत नाही. आणि एकदा केलं की पॉलिसी तुमची राहिली नाही असंच समजा, मनाला वाटलं म्हणून लाभार्थी बदलणं, त्यावर कर्ज काढणं हे जमत नाही. मला विचाराल तर धंद्यासाठी जामीन राहिलेल्या, वैयक्तिक हमी दिलेल्या माणसाने साधा टर्म प्लॅन तरी एमडब्ल्यूपीखालीच घ्यावा.

माहिती लपवली तर

शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन, तंबाखू, आधीच्या पॉलिसी, हे सगळं प्रपोजल फॉर्ममध्ये खरं लिहा. एजंट म्हणतो 'लिहू नका, मेडिकल लागेल', तेव्हा ऐकू नका, सही तुमची असते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षं झाल्यावर कंपनी कुठल्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकत नाही, पण ३ वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती लपवल्याचं निघालं तर क्लेम जाऊ शकतो. आणि बंद पडलेली पॉलिसी रिव्हाइव्ह केली की ही ३ वर्षं रिव्हायव्हलच्या तारखेपासून पुन्हा मोजतात.

क्लेम कुणी करायचा, कागद कोणते

अर्ज नॉमिनीने करायचा, पॉलिसी असाइन असेल तर असाइनीने, एमडब्ल्यूपी असेल तर ट्रस्टीने, यातलं कुणीच नसेल तर वारसांनी. आधी मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, त्यानंतर लेट फी आणि परवानग्या लागतात. दाखल्याच्या प्रती जास्तच घ्या, बँक, पीएफ, विमा सगळीकडे लागतात, आणि त्यावर नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासा.

मग कंपनीला लेखी कळवायचं, पॉलिसी नंबर, मृत्यूची तारीख, कारण, तुमचं नातं. यासोबत क्लेम फॉर्म, मूळ बाँड, मृत्यू दाखला, नॉमिनीचं आधार-पॅन, नाव छापलेला कॅन्सल्ड चेक किंवा पासबुकचं पहिलं पान. एलआयसीत क्लेम फॉर्म ३७८३ आहे, पॉलिसीला ३ वर्षं होऊन गेली असतील तर सुटसुटीत ३७८३ए चालतो, आणि डिस्चार्ज फॉर्म ३८०१. मृत्यू ३ वर्षांच्या आत झाला असेल तर हॉस्पिटलचे पेपर, डॉक्टरचा दाखला, नोकरी असेल तर मालकाचं सर्टिफिकेट जादा मागतात. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट. बाँड हरवला असेल तर स्टॅम्प पेपरवर इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसान झालं तर भरून देण्याची हमी, द्यायचा, घाबरायचं कारण नाही. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि दिलेल्या तारखेचा शिक्का घ्याच.

उशीर झाला तरी क्लेम करा. नुसत्या उशिराच्या कारणावर खरा क्लेम नाकारू नका असं आयआरडीएआय या विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलंय. आता मुदत अशी आहे की चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी लागली तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. मृत्यूनंतर मिळालेल्या या रकमेवर सर्वसाधारणपणे इन्कम टॅक्स लागत नाही.

घरच्यांना माहीतच नसलेले विमेही शोधा. पासबुकात मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २ लाखांचं कव्हर, क्लेम बँकेतच. पीएफ कापला जात असेल तर ईडीएलआयचे, म्हणजे पीएफसोबतच्या विम्याचे, जास्तीत जास्त ७ लाख मिळू शकतात, तिथलं नॉमिनेशन पीएफचं, विमा पॉलिसीचं नाही, त्यामुळे पीएफचं ई-नॉमिनेशन वेगळं करावंच लागतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, त्याची कार्यालयं मुंबई, पुण्यासह इतर शहरांतही आहेत. कंपनीच्या नकारापासून १ वर्षाच्या आत तक्रार करायची, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

जुन्या, कुणी न मागितलेल्या पॉलिसीचा संशय असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर अनक्लेम्ड रकमेचा शोध घ्या, नाव, पॅन, जन्मतारीख टाकून बघता येतं. १० वर्षं कुणी मागितली नाही तर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, पण तिथे गेल्यावरही २५ वर्षांपर्यंत मागता येते, आणि ते मागायचं कंपनीकडूनच.