बिझनेस क्लासचे जेवण आणि वाइन : काय मागावे, काय टाळावे

बिझनेस क्लासच्या तिकिटाला भरपूर पैसे मोजल्यावर जेवणही तोलामोलाचे असावे ही अपेक्षा रास्त आहे. चिनी मातीची ताटली, कापडी नॅपकिन, छापील मेनू हे सगळे मिळते. पण ते जेवण विमानात शिजलेले नसते. एवढे ध्यानात ठेवून निवड केली तर छान जेवता येते. नाही तर उत्तम विमान कंपनीतही स्टेक वातड आणि डोसा चिवट निघतो. हे माहितीपत्रक त्या निवडीसाठी आहे.

अन्न तयार कसे होते

मुंबईहून सुटणाऱ्या विमानांचे जेवण ताजसॅट्ससारख्या फ्लाइट किचनमध्ये बनते. पदार्थ पूर्ण शिजवून ब्लास्ट चिलरमध्ये झपाट्याने थंड करतात आणि ५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. थंड असतानाच तो छोट्या भांड्यांत भरून ट्रॉलीत लावतात आणि विमानात चढवतात. वर गेल्यावर गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातल्या, ओव्हनमध्ये गरम हवेने किंवा वाफेने साधारण वीस मिनिटे गरम करतात. मग कर्मचारी तो ताटलीत वाढतात. विमानात उघडी आच नसते, त्यामुळे ऐनवेळी परतणे, तळणे, फोडणी देणे यातले काहीच होत नाही.

म्हणजे प्रत्येक गरम पदार्थ दोनदा तापतो. जे घरी दुसऱ्या दिवशीही चांगले लागते, तेच विमानात चांगले लागते. राजमा, छोले, दाल मखनी, रश्शातले पनीर, मंद आचेवर शिजवलेले मटण, बिर्याणी, लझान्या हे पदार्थ बिनधास्त मागवा. रस्सा ओलावा धरून ठेवतो आणि मसाला मुरलेला असतो.

डोसा, पुरी, भजी, तळलेला बटाटा टाळा. झाकलेल्या भांड्यात वाफ कोंडते आणि कुरकुरीतपणा जातो. आम्लेट दुसऱ्यांदा तापले की त्यातले पाणी सुटते आणि ते स्पंजासारखे होते. नाश्त्याला अंडे हवेच असेल तर सॉसमधले घ्या. चिकनचा ब्रेस्ट किचनमध्येच आतपर्यंत शिजवलेला असतो, त्यामुळे वरच्या वीस मिनिटांत तो कोरडा पडतो. त्याऐवजी मांडीचा, रश्शातला तुकडा बरा. स्टेकचे तुकडे कमी-जास्त जाडीचे असतात आणि एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी तापतात. तुम्ही मध्यम भाजलेला मागितला तरी तो तसाच येईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

भाताचे दुखणे वेगळे. थंड झाल्यावर त्यातला स्टार्च कडक होतो आणि गरम केल्यावरही दाणा टणक राहतो. आल्या आल्या डाळ किंवा रस्सा त्यावर ओतून दोन मिनिटे थांबा. नान आणि पराठा मात्र लगेच खा. कोरड्या हवेत ते पाहता पाहता वाळतात.

जेवण कोणत्या शहरातून चढते, हेही बघावे लागते. जाताना मुंबईतले किचन असते, म्हणून शाकाहारी जेवण सहसा समाधानकारक मिळते. परतताना तेच जेवण युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या किचनमधून येते आणि तिथे पनीर-डाळीचा हात वेगळा पडतो. काही कमी अंतराच्या मार्गांवर परतीचे जेवणही निघतानाच चढवून शीतकप्प्यात ठेवतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘बुक द कुक’ सेवेत उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत मुख्य पदार्थ निवडता येतो. पदार्थांची यादी शहरागणिक बदलते, म्हणून जाण्याची आणि येण्याची निवड स्वतंत्रपणे करावी लागते.

वर गेल्यावर चव का उतरते

केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तेवढा असतो. हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. नाक कोरडे पडले की वास कळत नाही आणि वासाशिवाय चव अर्धवट राहते. जर्मनीतल्या होल्झकिर्खेन इथे फ्राउनहोफर संस्थेने लुफ्थान्सासाठी एअरबस ए३१० चा भाग कमी दाबाच्या नळीत बसवून प्रयोग केले. २०१० मध्ये त्यांचे निष्कर्ष आले : खारट चव २० ते ३० टक्के आणि गोड चव १५ ते २० टक्के कमी जाणवते. आंबट आणि कडू चवीत फारसा फरक पडत नाही. पुढे २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसले, की विमानासारख्या ८५ डेसिबलच्या आवाजात गोडी दबते, पण टोमॅटो, मशरूम, मुरलेले चीज यांची उमामी, म्हणजे खमंग-रसदार, चव उठून येते. जमिनीवर टोमॅटोचा रस न पिणारे प्रवासी वर तो आवडीने मागतात, त्याचे कारण हेच.

यावरून करण्यासारख्या गोष्टी सोप्या आहेत. टोमॅटोची ग्रेव्ही, मशरूम, पार्मेझान असलेले पदार्थ निवडा. लिंबाची फोड मागून घ्या. जेवताना आवाज कमी करणारे हेडफोन कानावर ठेवा. जेवणाआधी तासाभरात दोन ग्लास पाणी प्या. चहा पांचट लागतो, कारण २,४०० मीटरच्या दाबाला पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते. कपावर बशी झाकून टी-बॅग पाच मिनिटे राहू द्या.

वाइन

बिझनेस क्लासमध्ये बहुधा एक शॅम्पेन, दोन पांढऱ्या, दोन लाल आणि गोडाबरोबर एखादी पोर्ट ही गोड वाइन असते. भारतातल्या देशांतर्गत विमानांत मद्य दिले जात नाही, तिथे बिझनेस क्लासचाही अपवाद नाही. ‘बिझनेस ट्रॅव्हलर’ नियतकालिक १९८५ पासून ‘सेलर्स इन द स्काय’ हे पुरस्कार देते. कंपन्यांची तुलना करायची असेल तर तो निकाल उपयोगी पडतो.

वर वाइनमधला फळाचा गंध मंदावतो, तर आंबटपणा आणि लाल वाइनचा तुरटपणा पुढे येतो. म्हणून नामांकित पण कोवळी, न मुरलेली फ्रेंच बोर्डो जमिनीवर कितीही भारदस्त वाटली तरी वर ती कोरडी, घशाला ओढणारी लागते. लाल हवी तर अर्जेंटिनाची माल्बेक, ऑस्ट्रेलियाची शिराझ किंवा न्यूझीलंडची पिनो न्वार घ्या; त्यात फळाचा भर असतो. पांढऱ्यांत रीसलिंग आणि सोव्हिन्यों ब्लां यांचा सुवास वरही टिकतो. मसालेदार जेवणाबरोबर किंचित गोडसर रीसलिंग सर्वांत चांगली. तिखटाबरोबर तुरट लाल वाइन घेतली तर जिभेची आग वाढते, आणि ही चूक फार जण करतात.

लाल वाइन कधी कधी थंड कप्प्यातून सरळ येते आणि थंडपणात तुरटपणा आणखी बोचतो. ग्लास तळहातात धरून दहा मिनिटे थांबा. दोन प्रकारांत निर्णय होत नसेल तर चव पाहण्यापुरती मागा. बिझनेस क्लासमध्ये ही विनंती नेहमीची आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती बाटली बुचामुळे बिघडलेली आहे, निःसंकोच दुसरी उघडायला सांगा.

प्रमाणाबद्दल स्पष्ट लिहितो. १५० मिलिलिटरच्या, १३ टक्क्यांच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी केबिनसारख्या दाबात निरोगी तरुणांना मद्य देऊन झोपवले, तेव्हा झोपेत त्यांच्या रक्तातला प्राणवायू ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि नाडी मिनिटाला ८८ पर्यंत गेली. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर मद्य पिऊन झोपू नका. ड्यूटी-फ्रीमधून घेतलेली बाटली विमानात उघडायला मनाई आहे.

विशेष जेवण सांगताना

इथेच सर्वाधिक घोटाळे होतात, म्हणून कोड पाठ ठेवा. एव्हीएमएल म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी, यात अंडे नसते. व्हीजेएमएल म्हणजे जैन, कंदमुळांशिवाय. व्हीएलएमएलमध्ये अंडे आणि दूध चालते, त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी प्रवाशाने तो टाळावा. व्हीजीएमएलमध्ये दूध, तूप, दही काहीच नसते. ‘शाकाहारी’ समजून तो निवडला की पनीर मिळत नाही. एचएनएमएल हा हिंदू मांसाहारी : गोमांस आणि डुकराचे मांस नाही, चिकन-मासे असतात. मधुमेहींसाठी डीबीएमएल, फळांच्या ताटासाठी एफपीएमएल. उपवासाच्या जेवणाला कोड नाही. फळांचे ताट सांगून सोबत राजगिऱ्याचे लाडू ठेवा.

विनंती २४ तास आधी नोंदवावी लागते, कोशर (ज्यू धर्मनियमांनुसारच्या) जेवणासाठी सहसा ४८ तास. नोंदवली म्हणजे मिळाली असे नव्हे. पीएनआरमध्ये विनंतीपुढे ‘एनएन’ असेल तर ती फक्त मागितलेली आहे, ‘एचके’ असेल तर पक्की, ‘यूसी’ किंवा ‘यूएन’ असेल तर नाकारलेली. तारीख किंवा विमान बदलले की विनंती गळू शकते. एका कंपनीच्या तिकिटावर दुसरीचे विमान असेल, तर विनंती तिथपर्यंत पोहोचली का हे वेगळे तपासावे लागते. आमच्याकडून तिकीट घेतल्यास प्रत्येक बदलानंतर नवी प्रत मागा आणि प्रत्येक टप्प्यापुढे ‘एचके’ आहे ना ते स्वतः बघा.

एक तोटाही लक्षात घ्या : विशेष जेवण सांगितले की मेनूतला नेहमीचा पर्याय बहुधा राहत नाही. मेनूत चांगले शाकाहारी पदार्थ असतील, तर कोड न टाकणे फायद्याचे ठरू शकते. मात्र प्रत्येक पदार्थ मोजकाच चढवलेला असतो आणि शेवटच्या ओळीपर्यंत तो संपूही शकतो. आधी निवड करण्याची सोय असेल तर ती वापराच.

मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तेव्हा लाउंजमध्ये गरम जेवून घ्या, विमानात चढताच ‘जेवणासाठी उठवू नका, नाश्त्याला उठवा’ असे सांगा आणि झोपा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ताट प्रत्यक्ष समोर येईपर्यंत इंजेक्शन घेऊ नये. हवा खराब असेल तर वाढप तासभरही थांबते.

विमानातले उरलेले फळ किंवा सँडविच बॅगेत टाकू नका. ऑस्ट्रेलियात ते जाहीर न करता नेल्यास जागेवर दंड होतो.

जेवण चुकीचे आले किंवा खराब निघाले, तर उतरण्यापूर्वी पर्सरला (केबिन कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाला) सांगून नोंद करायला लावा, ताटलीचा आणि मेनूचा फोटो घ्या. बोर्डिंग पाससह ते आमच्याकडे पाठवा, कंपनीकडे तक्रार आम्ही दाखल करू.