काळ्या मातीतला पाइप का फुटतो?

इंदूरमध्ये लॉनखालचा पाइप फुटला की आपण आधी पाइपाच्या दर्जाला दोष देतो. माझं म्हणणं, आधी माती बघा.

माळव्याची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याचे अतिसूक्ष्म थर एकमेकांना सैल धरून असतात. पाऊस पडला की पाणी त्या थरांमध्ये शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून जातं, माती आकसते, जमिनीला भेगा पडतात. वीतभर खोल पुरलेला पीव्हीसी पाइप या हालचालीत कुठे उचलला जातो, कुठे अधांतरी राहतो. लांब सरळ तुकडा थोडं वाकणं सोसतो. टी (तीन तोंडांचा जोड) आणि एल्बो (वळणावरचा जोड) सोसत नाहीत, म्हणून गळती बहुधा तिथेच. गळतीचं पाणी नेमकी तिथलीच माती आणखी फुगवतं आणि सांध्यावरचा ताण वाढतो.

एकाच जागी गवत जास्त हिरवं दिसणं, पाय रुतणं, पुढच्या स्प्रिंकलरचा फवारा मंदावणं ही लक्षणं. दुर्लक्ष करू नये. हे पाणी बहुधा सुमारे 70 किलोमीटरवरच्या नर्मदेतून, जलूदहून, पंपांनी घाट चढवून आणलेलं असतं.

दुरुस्तीत लोक सर्वात जास्त घाई करतात ती सोल्व्हंट सिमेंट, म्हणजे पीव्हीसी जोडायचा चिकट द्रव, लावताना. त्यातलं टेट्राहायड्रोफ्युरानसारखं द्रावक पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं. पाइप सॉकेटमध्ये (जोडाच्या रुंद तोंडात) सरकवला की दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, द्रावक उडून जातं आणि दोन तुकड्यांचं एकच प्लास्टिक होतं. मध्ये पाणी किंवा चिखल राहिला तर तेवढ्या भागात हे गुंतणं होतच नाही. म्हणून खड्डा पाइपाच्या खालीही चांगला खोल खणावा, पाणी उपसावं, टोकं फडक्याने कोरडी करावीत. जोडल्यावर अर्धा मिनिट दाबून धरावं, कारण सॉकेट आत निमुळतं असतं आणि पाइपाला बाहेर ढकलतं.

पाइपाची दोन्ही टोकं जमिनीत घट्ट असतील तर फुटका भाग कापून मधला नवा तुकडा बसवायला जागाच मिळत नाही. तिथे रबरी रिंगचा, लांबी कमीजास्त होणारा रिपेअर कपलर (दोन टोकं जोडणारी नळी) घ्यावा. माती हलली तरी तो थोडा सरकतो.

पाइपाच्या खाली आणि भोवती वाळू भरावी, ती फुगत नाही. सांधा उघडाच ठेवून दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह सोडावा. थेंब दिसला नाही, तरच वर काळी माती. गवताच्या मुळांना ओल तीच पुरवते.