कुमरानच्या पायऱ्या

पाण्याच्या टाक्याला पायऱ्या किती असाव्यात? आपल्या गडांवरची टाकी आठवा. हंडा भरायला वाकता येईल, एवढ्याच. कारण प्रत्येक पायरी पाण्याची जागा खाते. मग जिथे वर्षाला 100 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, अशा ओसाड जागी कुणी टाक्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी तळापर्यंत पायऱ्या बांधल्या असतील, तर त्याला पाणी नुसतं साठवायचं नव्हतं हे उघड आहे.

ही जागा म्हणजे मृत समुद्राच्या वायव्य काठावरचं खिरबेत कुमरान. 1947च्या सुमारास जवळच्या गुहेत बदाऊनी गुराख्यांना चामड्यावर लिहिलेल्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या आणि पुढच्या काही वर्षांत अकरा गुहांतून नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे तुकडे बाहेर आले. वस्ती खणली ती फ्रेंच धर्मगुरू आणि पुरातत्त्वज्ञ रोलाँ द व्हो यांनी, 1951 ते 1956 या काळात. जग अर्थातच गुंडाळ्यांच्या मागे धावलं. मला मात्र वस्तीच जास्त बोलकी वाटते. तिथला पाट, तिथली भांडी आणि हो, तिथला संडाससुद्धा.

हिवाळ्यात पश्चिमेकडच्या डोंगरांवर पाऊस झाला की कुमरानच्या कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो. तो अडवून, कड्यात बोगदा खोदून, गिलावा केलेल्या पाटाने पाणी वस्तीत आणलेलं होतं. आधी गाळ बसायला एक उथळ हौद, मग वळणं घेत फिरणारा पाट आणि त्याच्या कडेने टाकी. त्यांपैकी दहाच्या आसपास टाकी ही ज्यू धर्मातल्या शुद्धिस्नानाची कुंडं, म्हणजे मिकवे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. काहींच्या पायऱ्यांवर मधोमध गिलाव्याचा बुटका उंचवटा आहे, रस्त्यावरच्या दुभाजकासारखा. एका बाजूने ओवळ्यात उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने सोवळ्यात वर यायचं! आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

एका कुंडाच्या पायऱ्या उभ्या चिरल्या आहेत आणि एक बाजू साधारण अर्धा मीटर खाली खचली आहे. द व्हो यांनी तिचा संबंध इ.स.पू. 31च्या भूकंपाशी जोडला. त्याच पडझडीत एका खोलीतली हजाराहून अधिक मातीची भांडी गाडली गेली, असंही त्यांचं म्हणणं होतं. वाडगे, थाळ्या, पेले, सगळी एकात एक रचून ठेवलेली. शेजारीच 22 मीटर लांबीचं दालन. थोडक्यात, पंगतीची जागा आणि तिची भांडी.

आता पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस काय सांगतो ते पाहा. एसीन नावाच्या ज्यू पंथाचे लोक (कुमरानची वस्ती त्यांचीच, असं द व्हो यांच्यासह अनेक अभ्यासक मानतात) गार पाण्याने अंघोळ करून भोजनगृहात शिरतात, गप्प बसतात आणि स्वयंपाकी प्रत्येकासमोर वेगळं भांडं ठेवतो. एकाच परातीत सगळ्यांनी हात घालण्याची पद्धत त्या प्रदेशात सर्रास असताना हे वेगळेपण डोळ्यांत भरतं. एकाचा विटाळ दुसऱ्याला लागू नये, असा त्यामागचा हेतू असावा, असं पुरातत्त्वज्ञ जोडी मॅग्नेस यांचं मत आहे. गुहेत सापडलेली पंथाची नियमावलीही तितकीच कडक होती. भरसभेत थुंकलात तर 30 दिवसांची शिक्षा, डुलकी काढलीत तरी 30 दिवस!

जोसेफस एसिनांच्या शौचाबद्दलही लिहितो. नव्या सभासदाला एक छोटी कुदळ मिळे. लांब, आडजागी जाऊन फूटभर खड्डा खणायचा, अंगावरची वस्त्रं नीट लपेटून बसायचं, माती लोटायची आणि परत येऊन अंग धुवायचं. 2006मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी वस्तीच्या वायव्येला टेकाडाआडची माती तपासली, तेव्हा तिच्यात जंत आणि पट्टकृमीसारख्या माणसाच्या आतड्यातल्या परजीवींची अंडी निघाली. उघड्यावर ती उन्हाने मरून जातात, पुरली तर टिकतात. तिथून येऊन सगळ्यांनी त्याच साचलेल्या कुंडात बुडी मारायची, म्हणजे सोवळ्यानेच रोगराई पसरली असेल, असा तर्क या संशोधकांनी मांडला. गोष्ट छान जुळते, जरा जास्तच छान. कारण खुद्द वस्तीच्या आतही एक शौचखड्डा सापडला आहे.

इथे एसीन राहत होते हे सगळ्यांना मान्य नाही, हेही सांगायला हवं. कुणाला इथे श्रीमंताचा वाडा दिसला, कुणाला किल्ला. यित्झाक मागेन आणि युवाल पेलेग यांनी 1993पासून दहा वर्षं इथे खोदकाम केलं आणि हा कुंभारवाडा होता, असा निष्कर्ष काढला. एका मोठ्या टाक्याच्या तळाशी त्यांना बारीक चिकणमातीचा जाड थर मिळाला. तिचीच भांडी घडवून, भाजूनही पाहिली, आणि ती झाली.

पण वस्तीत भट्ट्या होत्या हे द व्हो यांनाही माहीत होतं. सोवळं पाळणाऱ्याला स्वतःची भांडी स्वतःच घडवलेली बरी. शिवाय गुहांमधल्या उंच नळकांडी रांजणांसारखे रांजण वस्तीतही सापडतात, आणि सर्वांत जास्त हस्तलिखितं जिच्यात मिळाली ती चौथी गुहा वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वस्तीचा शेवट इ.स. 68मध्ये झाला. रोमी सैन्य आलं, घरं जळाली. राखेच्या थरात लोखंडी बाणांची टोकं सापडली आहेत.