रेट्रो गाडी वाळूत घालायचा नाद आजचा नाही

क्लासिक दिसणारी रोडची मोटरसायकल कोणी मातीत, वाळूत उतरवली की लगेच लोक म्हणतात एवढी छान गाडी कशाला खराब करतोस, पण खरं सांगायचं तर या गाड्यांचा आजचा अवतारच मुळात वाळवंटात घडलाय.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रायडर लोकांना वाळवंटासाठी वेगळी गाडी अशी मिळायचीच नाही फारशी. ब्रिटनमधून ट्रायम्फ, बीएसए वगैरे यायच्या, त्या रस्त्यावर पळणाऱ्या, आणि शेजारीच अख्खं मोजावे वाळवंट पसरलेलं. मग लाइट काढ, मडगार्ड काढ, रुंद हँडल लाव, दगडांवर आपटून चेपू नये म्हणून सायलेन्सर वर उचलून घे, इंजिनखाली जाड पत्रा बसव, असं करत करत ज्या गाड्या तयार झाल्या त्यांना डेझर्ट स्लेड म्हणायला लागले. 1956 ला आलेली 650 सीसीची टीआर6 ट्रॉफी त्यातली सगळ्यांची लाडकी. 1964 ला पूर्व जर्मनीत एरफुर्टला झालेल्या सिक्स डेज ट्रायलला, म्हणजे सहा दिवसांच्या ऑफ-रोड स्पर्धेला, अमेरिकन टीम ट्रायम्फच घेऊन गेली होती, टीममध्ये हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन पण होता.

तिकडच्या रेसचा प्रकारच भन्नाट. हेअर अँड हाउंड म्हणतात. दूर क्षितिजावर धूर सोडलेला असतो आणि शेकडो गाड्या एका ओळीतून एकदम त्या धुराकडे सुटतात, रस्ता नाही काही नाही, पुढच्याची धूळ तोंडावर घेत जायचं आणि चुन्याच्या खुणा शोधायच्या. बिग बेअर रन त्यातली मोठी होती, वाळवंटातून थेट डोंगरात चढणारी. 1960 ला ती एडी मल्डर या 16 वर्षांच्या पोराने जिंकली, तीसुद्धा रॉयल एनफिल्डवर! 2024 ला आलेल्या रॉयल एनफिल्डच्या बेअर 650 चं नाव त्या रेसवरूनच आहे, मला तरी याचं फार कौतुक वाटतं कारण आपल्याकडे चेन्नईत बनणाऱ्या गाडीत तो इतिहास जिवंत राहिलाय.

मग 1968 ला यामाहाची डीटी-1 आली, 250 सीसी, टू-स्ट्रोक, वजनाला एकदम हलकी, आणि अवजड ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांचे दिवस भरले. नंतर बरीच वर्षं शांतता. 2006 ला ट्रायम्फने आपल्या बॉनव्हिल या रोडच्या गाडीवरूनच स्क्रॅम्बलर, म्हणजे मातीत जायच्या ढंगाची गाडी, काढली, 2015 ला डुकाटीने जुनं स्क्रॅम्बलर नाव परत आणलं, आणि 2023 पासून तर ट्रायम्फची स्क्रॅम्बलर 400 एक्स बजाज आपल्या चाकणला बनवतंय.

पण दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या सारख्या नाहीत हे घेताना बघाच. ट्रायम्फच्याच स्क्रॅम्बलर 1200 एक्सईला सस्पेन्शन ट्रॅव्हल, म्हणजे चाक वरखाली किती हलू शकतं ते, 250 मिमी, 400 एक्सला 150, आणि बेअरला पुढे 130 मागे 115, म्हणजे बेअर मातीच्या रस्त्यावर मजेत जाईल पण उड्या मारायला नाही. वजन तर बेअरचं दोनशे किलोच्या वरच. सैल वाळूत एवढं वजन पुढच्या चाकावर आलं की चाक रुततं, हँडल आपोआप वळतं आणि घाबरून थ्रॉटल सोडला की पुढे अजून भार येऊन गाडी पडलीच समजा. म्हणून टायरची हवा थोडी कमी करायची, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून अंग मागे न्यायचं, हँडल सैल धरायचं, नजर लांब ठेवायची आणि कितीही डगमगली तरी थ्रॉटल चालू ठेवायचा. बाहेर आल्यावर डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरून घ्या, कमी हवेवर जोरात पळवू नका.