गुडघा, कंबर, अर्धशिशी : ॲक्युपंक्चरची सुई कुठे कामाला येते?

ठाणे स्टेशनचा पूल रोज चढून-उतरून कुरकुरणारा गुडघा, पनवेलपर्यंत उभ्याने जाऊन धरलेली कंबर, मागे लागलेली अर्धशिशी. ॲक्युपंक्चरला संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे तो अशाच जुनाट दुखण्यांत. मधुमेह किंवा क्षय सुईने बरा होत नाही. त्यांची औषधं थांबवायला कुणी सांगितलं तर तिथून सरळ उठावं.

२००७ साली जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी नेमक्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीची औषधं-व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना चांगला उतार पडला होता. म्हणजे आराम पडतो, पण त्यात नेमक्या बिंदूचा वाटा थोडाच.

गुडघ्यासाठी रुग्णाला झोपवून गुडघ्याखाली उशी देतात. एक नेहमीचा बिंदू वाटीच्या खाली चार बोटं आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट असतो. सुई साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या नेहमीच्या सुईच्या निम्म्याहून बारीक. ती दोनेक सेंटिमीटर आत जाते आणि वीस-तीस मिनिटं राहते. आत जडपणा, बोथट कळ जाणवली तर ठीक. करंट लागल्यासारखी चमक पायात उतरली तर सुई नसेला लागली आहे. लगेच सांगा, ती मागे घ्यावी लागते. आणि उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते.

आठवड्याला एक-दोन वेळा, अशा सहा ते दहा बैठका होतात. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढे पैसे घालवू नयेत.

केमोथेरपीनंतरच्या मळमळीत औषधांच्या जोडीला मनगटाचा बिंदू वापरतात : तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, हाताला लागणाऱ्या दोन ताठ स्नायुबंधांच्या (दोरीसारख्या कंडरांच्या) मधे. तो घरी अंगठ्याने नुसता दाबला तरी चालतो.

खरा धोका खांद्याच्या माथ्यावर आणि छातीवर. तिथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. असं क्वचितच घडतं, पण नंतर दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, तर तडक हॉस्पिटल गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सुईची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बिनदिक्कत विचारा. सुयांचं निर्जंतुक पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं पाहिजे आणि काढलेल्या सुया मोजून टणक, पांढऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत.