सलमा सुलतान

सलमा सुलतान : दूरदर्शनच्या ज्येष्ठ हिंदी वृत्तनिवेदिका आणि नंतरच्या काळात मालिका-दिग्दर्शिका. १९६७ ते १९९७ अशी सुमारे तीस वर्षे त्यांनी छोट्या पडद्यावरून देशाला बातम्या सांगितल्या. दिल्ली केंद्राचे पाच मिनिटांचे पहिले बातमीपत्र १९६५ मध्ये प्रतिमा पुरी यांनी वाचले. त्यांच्यामागून लगेच आलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये सलमा सुलतान यांचे नाव ठळक आहे.

पदवीपर्यंतचे शिक्षण भोपाळला झाल्यावर त्यांनी दिल्लीच्या इंद्रप्रस्थ महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम. ए. केले. भोपाळच्या खासदार मैमूना सुलतान या त्यांच्या भगिनी. दूरदर्शनवर त्या आधी निवेदिका म्हणून दाखल झाल्या आणि तिथून बातम्यांकडे वळल्या. तेव्हा दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संस्था झाली ती १९७६ मध्ये.

त्यांची आठवण निघाली की पहिल्यांदा गुलाबाचा विषय निघतो. गळ्यापर्यंत नीट घेतलेला साडीचा पदर आणि डाव्या कानाखाली केसांत खोचलेले फूल ही त्यांची ओळखच होऊन गेली. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू होईपर्यंत त्या गुलाबाचा रंग घरोघरी कुणालाच दिसत नव्हता. कृष्णधवल पडद्यावर ती फक्त एक करडी छटा होती, तरीही लोकांच्या ती मनात राहिली. मात्र केवळ फुलासाठी त्यांना लक्षात ठेवणे हा त्यांच्या कामावर अन्याय आहे.

ते काम सोपे नव्हते. बातमीपत्र थेट प्रसारित होई आणि वाचन हातातल्या कागदांवरून चाले. वाक्य संपता संपता नजर वर उचलायची, कॅमेऱ्याकडे पाहायचे आणि खाली येताना ती बरोबर पुढच्या ओळीवर उतरवायची. ओळ चुकली तर सावरून घ्यायला दुसरी संधी नाही. त्यात सरकारी बातम्यांची हिंदी संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली. सलमा सुलतान ती संथ लयीत, एकेक शब्द सुटा करून वाचत. त्यामुळे हिंदी घरात न बोलणाऱ्या माणसालाही बातमी समजे. १९८२ नंतर राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला, तेव्हा महाराष्ट्रातल्या घरांतही मराठी बातम्यांइतकाच हा आवाज ओळखीचा झाला.

या वाचनाची खरी कसोटी लागली ती ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी. सकाळी सव्वानऊच्या सुमारास पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर सफदरजंग रस्त्यावरील निवासस्थानी त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. त्यांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेण्यात आले. परदेशी रेडिओवरून दुपारीच बातमी फुटली होती; दूरदर्शनवर ती आली थेट संध्याकाळच्या बातमीपत्रात, हल्ल्यानंतर दहा तासांहून अधिक काळाने. ती वाचली सलमा सुलतान यांनी. दिवसभर कानावर आलेले खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी लोक पडद्यासमोर बसले होते. या विलंबाचे समर्थन करता येत नाही. पण तो निर्णय निवेदिकेचा नव्हता, तिच्या वाट्याला फक्त ते वाक्य उच्चारणे आले होते. देश हादरलेला असताना सांगणाऱ्याचा आवाज कसा असावा, याचा विचार करताना त्या संध्याकाळचे बातमीपत्र आजही आठवावे असे आहे.

शम्मी नारंग, सरला माहेश्वरी, मंजरी जोशी हे त्यांचे हिंदी बातम्यांतले सहकारी. गीतांजली अय्यर इंग्रजी बातम्या वाचत. वाचणाऱ्याने स्वतःचे मत चेहऱ्यावरही येऊ द्यायचे नाही, ही या सगळ्यांची शिस्त होती. खासगी वाहिन्यांच्या गदारोळात ती बरीचशी हरवली, हे खेदाने नोंदवावे लागते.

पडद्यामागच्या कामासाठी सलमा सुलतान यांनी लेन्सव्ह्यू ही निर्मितीसंस्था काढली. ‘पंचतंत्र से’, ‘सुनो कहानी’, ‘स्वर मेरे तुम्हारे’ या मालिका त्यांनी दिग्दर्शित केल्या. तीस वर्षे इतरांनी लिहिलेले वाचल्यानंतर स्वतःला सांगायचे होते ते सांगण्याची ही वाट होती. स्त्रियांच्या प्रश्नांवरील ‘जलते सवाल’ ही मालिका २००४ मध्ये डीडी न्यूजवर दाखवण्यात आली.